अंगठीबहाद्दर

देवळाली कॅम्पाच्या बाजारात गोटीराम शिंप्याचं दुकान होतं. सारं काम मिलिटरीचं. तिथं काजं-बटणं करायला सहादू साळवे बसायचा. शाळेची पायरी तो कधी चढला नव्हता. टेपवरचे इंग्रजी आकडे तेवढे ओळखायचा, अक्षर मात्र एक नाही. सही म्हटली की अंगठा. रिटायर हवालदार सावळीराम रोज चहाला दुकानात येऊन बसे आणि आल्या आल्या ओरडे, "काय अंगठेबहाद्दर!" मग स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसे. सहादू सुईत दोरा ओवत राही. बोलून उपयोग काय?

पण या सहादूकडे एक हुन्नर होता. तोफखान्यातल्या पोरांच्या बोटात अंगठ्या असायच्या. पितळेच्या, स्टीलच्या, क्वचित चांदीच्या, वर तोफ असलेला पलटणीचा बिल्ला आणि आत कोरलेला ज्याचा त्याचा नंबर. कुणाची पलटणीच्या पंचवीस वर्षांची आठवण म्हणून केलेली, कुणाची लढाई जिंकल्याची. तोफेवर काम करून बोट सुजलं की अंगठी अडकायची, आणि तोफ शिकवणारा उस्ताद म्हणायचा, कापून काढ. कापायची? पलटणीची अंगठी? जवान धावत सहादूकडे यायचा. सहादू दोऱ्याचं टोक अंगठीखालून सरकवी, बोटाला नखापर्यंत घट्ट दोरा गुंडाळी आणि खालच्या टोकाने उलगडत आणी. अंगठी दोऱ्यावरून घरंगळत बाहेर! मोबदला घ्यायचा नाही. "बदली झाली, फौज सोडली, तर मला आठवणीला द्या," एवढंच म्हणायचा. आणि पोरं देतही. १९७२ पासून त्याने अशा एकशे सत्तेचाळीस अंगठ्या जमवल्या. दुकानातल्या भिंतीवरच्या हिरव्या कापडावर बटणं टाकावीत तशा ओळीने शिवून ठेवल्या होत्या, सगळ्यांचे बिल्ले सरळ.

लोक म्हणत, येड लागलंय. येड कसलं! त्याचा थोरला भाऊ कोंडाजी तोफखान्यात होता. एकाहत्तरच्या लढाईवर जाताना त्याने बोटातली अंगठी काढून आईच्या, आक्काबाईच्या, हातात ठेवली होती. "आई, बोटाला काचती. आल्यावर घालीन." तो गेला तो गेलाच. त्याच दिवाळीत घर सायखेड्याहून उठून कॅम्पाजवळच्या वसाहतीत आलं होतं. नवा पत्ता कोंडाजीला कळवायचा राहिला आणि त्याच्या फौजेचा एकही कागद घरात नव्हता. होती ती अंगठी. आतला नंबर सावळीरामने वाचला आणि आपल्या झोकदार फौजी अक्षरात अर्ज लिहिला. "कोंडाजी शंभर असतात. फौजेत नंबर बोलतो," तो म्हणाला. नंबर होता 9068891. उत्तर आलं, या क्रमांकाची नोंद नाही. दुसरा अर्ज, तेच उत्तर. तिसरा, चौथा, तेच.

नोंद नाही म्हणजे काय, ते नळावरच्या बायकांनी ठरवून टाकलं. पोरगा पळाला. लढाईला घाबरून पळाला, आणि अंगठी कुणाची तरी उचललेली. आक्काबाईने हंडा लावला की मागून कुजबुज व्हायची, "पळपुट्याची आई." अंगठी म्हातारीच्या पदराच्या गाठीत, आणि गाठीवर मूठ. सहादूच्या मात्र तळपायाची आग मस्तकात जायची. कोंडाजीबरोबरचा एखादा तरी गडी कधीतरी सुजलं बोट घेऊन आपल्यासमोर बसेल, या एका आशेवर तो जमवत होता अंगठ्या. अकरा वर्षं झाली. असा गडी काही आला नाही.

१९८२ च्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. एका जवानाची पँट शिवायची होती. गोटीरामने मोहरीचं, म्हणजे पायाच्या खालच्या तोंडाचं, माप चिठ्ठीवर लिहिलं, 9, आणि चिठ्ठी कापडाला टाचायला सहादूकडे दिली. सहादूने टाचली ती उलटी. कारागिराने पाहिलं, सहा. मोहरी सहा इंचाची कापली. संध्याकाळी जवान पँट घालायला गेला तर पाऊल आत शिरेना! तो एका पायावर दुकानभर उड्या मारतोय आणि गोटीराम कपाळ बडवतोय. "अरे गाढवा! नवाचे सहा केलेस! आकड्याला काही खाली-वर असतं की नाही?"

सहादूने चिठ्ठी सुलटी धरली, पुन्हा उलटी धरली. मग हातातली सुई टाकून त्याने हिरवं कापड खाली ओढलं. पहिली अंगठी. बिल्ला सरळ धरला, आत पाहिलं. आतला चार सरळ. दुसरी. आतला सात सरळ. तिसरी, दहावी, चाळिसावी. बिल्ल्याचं डोकं ज्या कडेला, आकड्याचं डोकंही त्याच कडेला. एकही उलटी नाही. गोटीराम म्हणाला, "आता याला काय झालं?" पण सहादू चपला न घालताच घराकडे पळत सुटला होता.

दुसऱ्या दिवशी सावळीराम चहाला आला तेव्हा सहादूने अंगठी त्याच्यापुढे धरली. "हवालदारसाहेब, नंबर उलटा वाचलाय तुम्ही."

"मी?" सावळीरामच्या मिशा थरथरल्या. "अठरा वर्षं फौजेत कारकुनी केली. तू मला आकडे शिकवणार? अंगठेबहाद्दर तू!"

"हाय मी अंगठेबहाद्दर. पर बिल्ला बघा. तोफेचं चाक कुठं हाय? वर! चाक खाली घ्या, मंग वाचा आत. चार, सात असता तर तुमाला तवाच कळलं असतं. यात सगळे एक, सहा, आठ, नऊ न् शून्य. उलटं धरलं तरी सरळच दिसत्यात."

सावळीरामने चष्मा पुसला. अंगठी फिरवली. चाक खाली आलं, आणि आतला नंबर झाला 1688906. कपातला चहा निवून गेला तरी त्याने तोंडाला लावला नाही. "अकरा वर्षं," तो पुटपुटला, "अकरा वर्षं मी त्या माउलीला..." मग खिशातून पेन काढलं. "गोटीराम, कागद आण. चांगला आण."

उत्तर दीड महिन्याने आलं. सावळीरामने ते आक्काबाईच्या दारात, उभं राहून, कडक आवाजात वाचलं. गनर कोंडाजी भिकन साळवे, पूर्व आघाडीवर तोफ न सोडता लढताना डिसेंबर १९७१ मध्ये धारातीर्थी पडला. तार आणि पत्रं जुन्या पत्त्यावरून परत आली. पदक कार्यालयात पडून आहे.

सहादूला हुंदका आवरेना. त्याला वाटलं, आई आता कोसळते. पण म्हातारी ताठ उभी राहिली. "मेला हे मला तवाच कळलं व्हतं रे, सहादू. आईला कळतं. पळाला नाय, हे सांगणारं कुणी नव्हतं." आणि ती हंडा उचलून नळाकडे चालू लागली. हंडा भरलेलाच होता, हे तिच्या ध्यानातही नव्हतं. नळावर एकाही बाईला मान वर करवेना.

डिसेंबरात वसाहतीत जीप आली. बुद्धविहारासमोर सतरंजी टाकून मेज मांडलं होतं. सायखेड्याची माणसं आली होती आणि नळावरच्या झाडून सगळ्या बायकाही. मेजरसाहेबांनी आक्काबाईच्या हातात पदक दिलं, सलाम केला, आणि पोच घेण्यासाठी कागद पुढे केला. कारकुनाने विचारलं, "सही की अंगठा?"

कोणीतरी मागे फिसकन हसलं. सहादू ताडकन वळला, पण त्याच्या आधी सावळीराम गरजला, "अंगठा! आणि सगळ्यांनी डोळे उघडून बघा!"

आक्काबाईने पदराची गाठ सोडली. अंगठी तिच्या कुठल्याच बोटात बसेना, सगळ्यांत सैल व्हायची. सहादू पुढे झाला. त्याने ती आईच्या अंगठ्यात चढवली, चाक खाली, बिल्ला सरळ. नेमकी बसली. म्हातारीने शाईत अंगठा बुडवला आणि कोंडाजीच्या नंबराखाली असा दाबून उठवला की मेज हललं.