पिळलेलं गोणपाट

आमच्या घरात कपाट नव्हतं, पण पत्रकं भरपूर होती. वडील एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कामाला होते आणि त्यांच्या युनियनची, चळवळीची उरलेली पत्रकं गठ्ठ्यांनी घरी यायची. पिवळी, गुलाबी, स्वस्त कागदाची. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. त्यामुळे दहावीच्या सुट्टीत वडिलांनी डब्याच्या पिशवीतून एक कासवाचं पिल्लू आणलं, तेव्हा मी पहिलं वाक्य पत्रकातलंच बोलले.

"दादा, कुणालाही डांबून ठेवायचा आपल्याला अधिकार नाही."

आम्ही वडिलांना दादा म्हणायचो. ते हसले. "मग त्याला सांग तसं. कामावरचा एक गुजरातेतला जोडीदार बदली होऊन चाललाय. त्याच्या अंगणात कासविणीने अंडी घातली, त्यातलं हे. बाहेर सोडलं तर संध्याकाळपर्यंत कावळा नेईल."

पिल्लू अक्रोडाएवढं होतं. काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या. माझ्या तळहातावर त्याने चारी पाय बाहेर काढले आणि मान लांब करून माझ्याकडे पाहिलं. डांबायचं नाही, पण जगवायचं, असा ठराव मी मनातल्या मनात पास केला.

शेजारच्या मावशी बघायला आल्या. "कासव म्हणजे पाण्यातलं गं. घंगाळात सोड." मी सोडलं. ते दगडासारखं तळाला गेलं आणि पाय झाडू लागलं. मी झटकन बाहेर काढलं, पुसलं, आणि त्या क्षणी पाणी हा त्याचा शत्रू, असं ठरवून टाकलं. ते जमिनीवरचं कासव होतं, एवढं माझं बरोबर होतं.

मग मी त्याचं घर केलं. पुठ्ठ्याचं खोकं, झाकण फाडून फेकलेलं, कारण झाकण म्हणजे तुरुंग. तळाला पत्रकांचा जाड थर. घरातली सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात कोरडी वस्तू तीच. रोज सकाळी थर बदलायचा. खोकं खिडकीत, पत्र्याच्या छपराखाली, भरपूर उजेड यावा म्हणून. पाण्याची वाटीसुद्धा ठेवली नाही. तांदुळज्याच्या पानांत असेल तेवढं पाणी पुरे, असं माझं म्हणणं. मे महिना होता. दुपारी ती पत्रकं कडकडीत वाळून त्यांच्या कडा वर वळायच्या.

आठवड्याने पिल्लू खाईनासं झालं. नंतर डोळे उघडेनासं झालं. उचललं की रिकाम्या शिंपल्यासारखं हलकं लागायचं, मानेची कातडी सुरकुतलेली. मी पत्रकांचा थर अजून जाड केला.

त्या दिवसांत माझ्याकडे आणखी एक काम होतं. आई सिन्नरकडची, लग्नाआधीपासून विड्या वळायची आणि आता घरी बसून वळायची. विडी कामगार बायकांच्या सभेसाठी मला पत्रक लिहायला सांगितलं होतं. मी खोक्याशेजारी बसून लिहीत होते आणि चार ओळींनंतर दर वेळी पिल्लाकडे बघत होते. शेवटी लिहिणं थांबलं. मी नुसतीच बसले.

आई विड्यांचं सूप बाजूला सारून उठली. हात साबणाने धुतले. पिल्लू दोन बोटांत धरलं, त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला.

"पुढारीणबाई, हे विडीचं पान हाय का, वाळत घालायला?"

"पाण्यात बुडत होतं ते."

"मग पाणी नाय तर वाळवंट? मधलं काय असतं का नाय तुझ्या कागदात?"

मला राग आला. पण पिल्लू तिच्या हातात होतं आणि माझ्याजवळ दुसरं काही उरलं नव्हतं.

"जगंल का गं?" मी विचारलं.

"मला काय ठावं? पान असतं तर सांगितलं असतं."

तिने बशीत कोमट पाणी घेतलं, पिल्लाच्या हनुवटीच्या खाली राहील एवढंच, आणि त्याला त्यात उभं केलं. शेजारी स्वतः बसून राहिली. मग घमेल्यात कुंडीतली माती ओतली, पाणी शिंपडून हाताने कालवली. फुटक्या मडक्याचा अर्धा तुकडा पालथा घातला, आत शिरायला. आणि एक नवं गोणपाट घेतलं. तिच्या पानांचं नव्हे. त्या जुन्याला तंबाखूचा वास होता. नवं भिजवून माझ्याकडे दिलं.

"पीळ."

मी पिळलं.

"आणखी पीळ. हाताला गार लागलं पाहिजे, पण हात ओला होता कामा नये. आमची टेंभुर्णीची पानं रात्रभर अशाच गोणपाटात ऱ्हातात. ओली राहिली तर बुरशी, वाळली तर वळताना तडकतात. ह्याची पाठ अजून कोवळीच हाय."

तिने अर्ध्या घमेल्यावर गोणपाट अंथरलं, अर्धं उघडं ठेवलं. घमेलं खिडकीतून काढून माठाच्या तिवईजवळ सरकवलं. सकाळचं कोवळं ऊन तिथे थोडा वेळ येतं, हे तिला माहीत होतं. मला नव्हतं.

मी परत लिहायला बसले. माझ्या पत्रकातलं दुसरंच वाक्य असं होतं: 'कसलंही कौशल्य न लागणारं हे काम आमच्या आयाबहिणींच्या माथी मारलं गेलं आहे.' मी ते आईला कधी वाचून दाखवलं नव्हतं. ती वाचू शकत नव्हती, म्हणून मला ते सोपं गेलं होतं. मी ती ओळ खोडली आणि त्या जागी काय लिहायचं ते दोन दिवस सुचलं नाही.

दोन्ही दिवस पिल्लू मडक्याखाली होतं, डोळे मिटून. मी गोणपाट पिळायचे, आई हाताची पालथी बाजू लावून बघायची. "ओलं हाय." परत पिळायचं. बशीतलं पाणी, माती, परत गोणपाट. तिची पानं तोवर थांबायची.

तिसऱ्या सकाळी बशीत उभं असताना त्याने मान खाली केली आणि पाणी प्यायलं. बराच वेळ. घशाची कातडी हलताना दिसत होती. मग एक डोळा उघडला. दुसरा दुपारी. संध्याकाळी दादा कामावरून आले तेव्हा पिल्लू तांदुळज्याच्या पानाला अर्धचंद्राचे तुकडे पाडत होतं.

"सुटला म्हणायचा कैदी," दादा म्हणाले.

मी आईला विचारलं, "आता सोडायचं का याला? ठेवणं बरोबर नाही."

"सोडायचं तर सोड. आधी सोडण्याजोगं तर होऊ दे."

ते तळहाताएवढं झालं तेव्हा आम्ही घमेल्याला एक फळी लावली, खाली उतरायला. दिवसभर अंगणात फिरायचं, घोळाची भाजी खायचं. ऊन तापलं की फळी चढून आपणहून गोणपाटाखाली शिरायचं. झाकण मी कधीच लावलं नाही. तेवढं माझं तत्त्व टिकलं. गोणपाट मात्र रोज सकाळी मीच पिळायचे, आणि आई पाहत नसली तरी हाताची पालथी बाजू लावून बघायचे.