सापुताऱ्याच्या उन्हात रामा कलर

सुरतच्या पांडेसऱ्यातल्या त्या कापड मिलमध्ये शालिग्रामसारखा डोळा दुसऱ्या कोणाचा नव्हता. हे तो स्वतःच सांगायचा, ही गोष्ट खरी. पण खोटं आहे म्हणून कोणी पुढं आलं नाही, हेही तितकंच खरं. माणूस आठवीपर्यंत शिकलेला. अमळनेरकडच्या खेड्यातून सतराव्या वर्षी सुरतला आला, दोन वर्षं डोक्यावर ओल्या कापडाचे गठ्ठे वाहिले, आणि मग रंगाच्या खात्यात जो घुसला तो अठ्ठावीस वर्षं तिथंच. व्यापारी हव्या त्या रंगाचा तुकडा पाठवायचा. लॅबमध्ये तसा रंग बनवून दुसरा तुकडा रंगवायचे. शालिग्राम दोन्ही तुकडे शेजारी धरायचा, मान तिरकी करायचा आणि सांगायचा, पास. नाहीतर फेल. रंग मोजणाऱ्या मशीनचा आकडा तो बघायचाच नाही. "आकड्याला काय डोळे असतात का?" म्हणायचा.

सही मात्र कलर मास्तरची लागायची, आणि आठवीवाल्याला ती खुर्ची कोण देणार? ती खुर्ची त्यानं भावाला मिळवून दिली. गोपाल त्याच्याहून चौदा वर्षांनी धाकटा. बाप गेला तेव्हा गोपाल सहा वर्षांचा होता. शालिग्रामनं त्याला नवागामच्या खोलीत आणला, शाळेत घातला, बारावी सायन्स करवला. तीन महिन्यांपूर्वी मिलच्या बन्सीलालभाईंसमोर छातीवर हात मारून म्हणाला, "माझ्या भावाला मास्तर करा. चुकला तर मला विचारा." बन्सीलालभाई खात्याचे इनचार्ज, कडक माणूस. त्यांनी तीन महिने बघतो म्हणून सांगितलं. ते तीन महिने एप्रिलच्या शेवटी संपत होते.

आणि त्याच एप्रिलच्या शेवटच्या रविवारी शालिग्राम बायको-पोरीला घेऊन सापुताऱ्याला निघाला. सुंदराला तो तीन उन्हाळे "नेतो, नेतो" म्हणत होता. सुरतेत पत्रा तापून खोलीची भट्टी व्हायची, आणि सुंदरा म्हणायची, "डोंगर काय आते सपनमा दखानं का?" यंदा गल्लीतल्यांनी मिळून इको गाडी ठरवली, पहाटे पाचला निघायचं ठरलं.

शनिवारी संध्याकाळी सातला मिलमध्ये नवा नमुना आला. रामा कलर. मोराच्या गळ्याला असतो ना, निळ्यात हिरवा, तो. लग्नसराईचं कापड, मोठा लॉट, रविवारी दुपारी बाराला रंगाच्या मशीनमध्ये चढणार. रंग तपासायच्या पेटीतला उन्हासारखा उजेड देणारा दिवा दोन दिवसांपासून उडालेला होता. लॅबचा तुकडा रंगवून झाल्यावर शालिग्रामनं दोन्ही साध्या ट्यूबलाइटखाली धरले आणि म्हणाला, "पास."

गोपालनं पेन उचललं नाही. "दादा, सकाळी गच्चीवर उन्हात बघू. मग करतो ना सही."

"सकाळी मी गाडीत असेन."

"मग मी बघतो."

"तू बघणार?" शालिग्राम हसला. लॅबमधली दोन माणसं बघत होती, म्हणून जरा मोठ्यानंच हसला. "अरे, तुझी चड्डी मी धुतली आहे. अठ्ठावीस वर्षं झाली मला. ट्यूबलाइट काय आणि ऊन काय, मी मेणबत्तीवरसुद्धा सांगीन. कर सही."

गोपालनं सही केली. थोरल्या भावापुढं आणखी काय बोलणार?

शालिग्रामनं आणखी एक गोष्ट केली. व्यापाऱ्याचा तुकडा आणि लॅबचा तुकडा, दोन्ही एका कार्डाला टाचलेले होते. ते कार्ड त्यानं शर्टाच्या खिशात टाकलं. कामाची अशी कार्डं तो नेहमी बाहेर न्यायचा. लग्नात, बारशाला, बसमध्ये, जिथं मिळेल तिथं लोकांना दाखवायचा. रंग कसा बनवायचा ते वहीत लिहिलेलं होतंच. रविवारी कार्ड कोणाला लागतंय, असं त्याला वाटलं.

वघई सोडली आणि घाट लागला. सागाची पानं गळून गेलेली, डोंगर तांबूस. वर पोचले तेव्हा हवा खरंच गार होती. सुंदरा गाडीतून उतरली आणि नुसती उभी राहिली, डोक्यावरचा पदर सोडून. शालिग्रामला वाटलं, हा डोंगरही आपणच बनवला.

अकराच्या सुमाराला ते वरच्या पठारावर गेले. गायत्री, त्यांची नववीतली पोरगी, मोबाईल वर धरून फिरत होती. "पप्पा, नेटवर्क ज नथी!" एक बाई पानाच्या द्रोणात करवंदं विकत होती. तिथंच सुधा मॅडम भेटल्या, सुरतेतल्याच शाळेत मराठी शिकवणाऱ्या. एकटीच बाई, पण बोलकी. तुम्ही कुठले, तुम्ही काय करता, झालं. शालिग्रामनं लगेच खिशातून कार्ड काढलं.

"बघा मॅडम. हा व्यापाऱ्याचा तुकडा आणि हा आपला. ओळखा बघू कोणता कोणता. देव आला तरी सांगू शकणार नाही."

सुधा मॅडमनी कार्ड उन्हात धरलं. "पण भाऊ, हे दोन वेगळेच दिसतात की. हा हिरवट आहे."

"चष्मा पुसा मॅडम," शालिग्राम म्हणाला. "डोंगरावर वाफ बसते काचेवर."

मॅडम हसल्या, त्यांनी खरंच चष्मा पुसला, परत बघितलं आणि कार्ड सुंदराकडं दिलं. सुंदरानं करवंद तोंडातच धरून बघितलं. "हाऊ हिरवा दिसस, आनी हाऊ निळा. एक नै शेतस." मग नवऱ्याकडं बघितलं. "तुम्हीच दखा ना."

त्यानं बघितलं. मान तिरकी केली, सरळ केली. कार्ड अंगाच्या सावलीत आणलं, परत उन्हात नेलं. सावलीत दोन्ही सारखे व्हायला लागायचे, उन्हात लांब पळायचे. त्या स्वच्छ उन्हात आंधळ्यालाही कळलं असतं. काही रंग दिव्याखाली जुळतात आणि उजेडात फुटतात. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. नव्या पोरांना तोच तर शिकवायचा, तुकडा आधी दारात ने, मग माझ्याकडं ये म्हणून.

"कितला वाज्यात?" त्यानं विचारलं.

"अकरा वीस," गायत्री म्हणाली.

बाराला लॉट चढणार. गोपाल पाळीवर होता, पण तपासणार कशाशी? व्यापाऱ्याचा तुकडा इथं डोंगरावर, दादाच्या हातात. एकदा रंग चढला की तो काळा करण्याशिवाय दुसरं काही करता येत नाही. लग्नाचं कापड काळं कोण घेणार? आणि कार्डावर सही गोपालची. तीन महिने संपायला चार दिवस राहिले होते.

त्यानं मोबाईल काढला. नेटवर्क नाही. मॅडमच्या फोनलाही नाही.

"खाली तळ्याजवळ येतं," करवंदवाली म्हणाली.

सत्तेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला माणूस उतारावरून पळत सुटला. चप्पल तुटली, ती त्यानं हातात घेतली. मागून सुंदरा ओरडत होती, "आहो, गायत्रीना बाबा! पडशात!" तो थांबला नाही. वाटेत घोडेवाल्यानं विचारलं, "काका, कुत्रं लागलं का मागं?" त्याला शिवी द्यायलाही दम उरला नव्हता.

तळ्याजवळ नेटवर्कच्या दोन काड्या आल्या. त्यानं गोपालला फोन लावला. रिंग वाजत राहिली. परत लावला. परत. मग त्याच्या लक्षात आलं. मिलच्या नियमानं पाळीवाल्यांचे फोन गेटवर जमा असतात. हा नियम व्हावा म्हणून बन्सीलालभाईंच्या मागं कोण लागलं होतं? शालिग्रामच. पोरं रीलं बघतात म्हणून.

आता आत फोन असलेला एकच माणूस. बन्सीलालभाई.

अकरा अडतीस. अंगठा नावावर होता, पण दाबवत नव्हता. काय सांगायचं? गोपालला परत बघायला सांगा, एवढंच म्हटलं तरी लॉट थांबला असता. आपलं नाव कुठंच आलं नसतं. पोरगा नवा आहे, होतं असं, आपणच मधे पडून सावरून घेऊ, असंही म्हणता आलं असतं. तळ्यातल्या होडीत कोणाचं तरी पोर हसत होतं. त्यानं दाबलं.

"बोलो शालिग्रामभाई! सापुतारा कैसा है?"

"रामाचा लॉट थांबवा. आत्ता. रंग टाकू देऊ नका."

"क्यों?"

"पहिल्यांदा थांबवा हो!"

बन्सीलालभाईंनी फोन टेबलावर टाकल्याचा आवाज आला. मग मशीनची घरघर, कोणाच्या तरी हाका. शालिग्राम उन्हात उभा, एक चप्पल पायात, एक हातात. किती वेळ गेला कळलं नाही.

"रुक गया," बन्सीलालभाई परत आले. "कपडा चढ़ गया था, पानी भर गया था. रंग की बालटी हाथ में थी. अब बोलो."

"शेड चुकली. उन्हात फुटते."

"कार्ड पे सही गोपाल की है." आवाज थंड होता. "मैंने बोला था, तीन महीना देखूंगा. देख लिया."

"सही त्याची आहे," शालिग्राम म्हणाला. "डोळा माझा आहे. तो म्हणत होता, सकाळी उन्हात बघू. मी चारचौघात हसलो त्याला. दमदाटी करून सही घेतली. आणि कार्ड खिशात घालून इथं आणलं, लोकांना दाखवायला. तो कशाशी बघणार होता?"

पलीकडं खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"अट्ठाईस साल में पहली बार," बन्सीलालभाई म्हणाले, "तुम्हारे मुँह से ये सुन रहा हूँ."

"मग ऐकून घ्या. परत नाही म्हणणार."

"एक बात तुम भी सुनो. आज से पास-फेल गोपाल बोलेगा. तुम नहीं."

शालिग्रामनं तळ्याकडं बघितलं. "बोलू द्या," तो म्हणाला. "त्याला फोन द्या."

गोपाल आला. म्हणाला, "दादा, धापा का टाकतोय तू? काही खाल्लं का नाही?"

"ते राहू दे. कार्ड मी रात्री आणतो. सकाळी लवकर ये, गच्चीवर जाऊ. मी तुकडे धरतो, तू बघ."

"आपण दोघं बघू ना."

"मी धरतो म्हणालो ना! एकदा सांगितलेलं कळत नाही?"

"हो दादा."

सुंदरा, गायत्री आणि सुधा मॅडम खाली पोचल्या तेव्हा तो दगडावर बसून चपलेचा अंगठा बांधत होता. मॅडमनी हळूच विचारलं, "थांबलं का, भाऊ?"

"थांबलं." त्यानं मान वर केली. मघाचा आवाज परत आला होता, जरा बसलेला. "मॅडम, तुम्हाला सांगतो, आमच्या धाकट्यानं कालच ओळखलं होतं. रात्री, ट्यूबलाइटखाली, नुसता संशय आला बघा त्याला. मला नाही आला. असा डोळा अख्ख्या पांडेसऱ्यात दुसऱ्या कोणाचा नाही. विचारा कोणालाही."

"शिकवला कोणी त्याला?" मॅडमनी विचारलं.

शालिग्रामनं चपलेची गाठ ओढली. "मीच की," तो म्हणाला.

सुंदरानं द्रोण त्याच्यापुढं धरला. त्यानं एक करवंद उचललं, सवयीनं उन्हात धरून बघितलं, आणि मग तोंडात टाकलं.