बंद हाय? कोन म्हन्तं?

आमच्या तळमजल्यावरचे सोपानकाका स्वतःच्या बल्बवरही विश्वास ठेवत नसत. दोन तारा लोंबणारा तो बल्ब कायम त्यांच्या पिशवीत असायचा. एखादी तार बंद आहे का हे बघायचं, तर आधी चालू सॉकेटात बल्ब पेटवायचा, मग त्या तारेला लावायचा, आणि मग परत सॉकेटात. "मधीच बल्ब मेला असंल तर? मंग आपुन मरायचं." परतूरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये ते आयुष्यभर वायरमन होते. कुणी 'बंद आहे' म्हटलं की त्यांचा प्रश्न ठरलेला, "कोन म्हन्तं?"

खरं तर आमचं जमायला हवं होतं. संशय हा माझाही धंदा. गावात वीज कंपनीवाले जुनी मीटरं काढून नवी बसवायला लागले, तेव्हा मी विरोधात पत्रकं वाटत होते. विचारायचं नाही, सांगायचं नाही, सरळ घरात शिरून भिंतीवरचं मीटर उपटायचं, ही कुठली रीत? आणि नेमके त्याच आठवड्यात काका टॉर्च आणि वही घेऊन आमच्या इमारतीच्या जिन्याखाली बसू लागले. मीटर ज्याच्या-त्याच्या घरात, पण सगळ्यांचे मेन फ्यूज तिथे खाली.

"काका, यादी कोणासाठी करताय?"

"तुला सांगून काय करू? तू छापशील."

उत्तर टाळणारा माणूस हा कुणाचा तरी माणूस असतो, असं मी धरून चालायचे. मी छापलंच. 'आपल्याच जीन्याखाली त्यांचा हस्तक!' नाव घातलं नव्हतं, गरजही नव्हती. काकांनी पत्रक डोळ्यांजवळ नेऊन वाचलं, बोटांत चोळून बघितलं. "'जिन्या'ची वेलांटी चुकली, पोरी. बाकी कागद जाड हाय."

पुढे आमच्याच मीटरमधून करपल्याचा वास यायला लागला आणि आईने मला न विचारता नव्या मीटरला होकार दिला. "तुझ्या पत्रकानं आग इझती का?" म्हणाली.

मीटर बसवणारा सकाळीच आला. जिन्याखाली आमच्या नंबरचा, पाचचा, फ्यूज त्याने उपटला. पंखा थांबला, फ्रिज गप्प झाला. तो काही गडबड करतो का हे बघायला मी त्याच्या डोक्यावर उभी. "बंद आहे, काढा," मीच म्हणाले. त्याने मीटरखालच्या लाकडी फळीचे स्क्रू काढले आणि फळीमागे हात घालणार, इतक्यात दारातून काकांचा आवाज आला. जिने चढून त्यांना दम लागला होता.

"थांब, दादा. अजून चालू हाय."

"पंखा बंद झाला की, काका."

"पंख्याला काय इचारतो?"

मी दार अडवलं. "तुमचं इथं काय काम?"

"बाजूला व्हय."

जिन्यातल्या सॉकेटवर त्यांनी बल्ब पेटवून बघितला. मग आत येऊन त्याच्या तारा फळीमागे टेकवल्या. बल्ब लख्ख पेटला. मीटरवाल्याने दोन्ही हात काखेत घातले.

"ही तार कुणाची?" मी विचारलं. अजूनही मला चोर पकडल्यासारखंच वाटत होतं.

"माझी," काका म्हणाले. "तू दहावीला होती. तवा एक फेज गेला की आठ-आठ दिस येत नव्हता. आई म्हन्ली, पोरीचा अभ्यास बुडून राह्यला. मंग दुसऱ्या फेजवरून ही तार टाकून देल्ती, लाइट गेली की हिच्यावर घ्यायला. तिचा फ्यूज खाली कोपऱ्यात, बिननंबरी. आनखी कोना-कोनाच्या घरात टाकल्या ते बराबर ध्यानात न्हाई. तेच हुडकून राह्यलो."

"मग तेव्हाच सांगायचं ना."

"काय सांगू? म्या बेकायदा तारा टाकल्या म्हनून? तू छापलं असतं."

छापलं असतं.

ते खाली गेले, कोपऱ्यातला फ्यूज काढून खिशात घातला, परत वर आले. सॉकेट, तार, सॉकेट. "आता लाव हात."

काका गेल्या वर्षी वारले. मी त्यांची माफी मागितली नाही. आज मागू, उद्या मागू, यात राहिली. त्यांची यादी जिन्याखाली चिकटवलेली आहे. कुठल्या घराला किती फ्यूज, कुठला कुठे. सहा घरांपुढे 'दोन' लिहिलंय. परवा ओलीने कागदाचं एक टोक सुटलं, ते चिकटवताना मागची बाजू दिसली. माझंच पत्रक. चुकलेल्या वेलांटीसकट.

मी डिंक लावला आणि यादी होती तशी बसवली. तिच्या तळाशी काकांची ओळ आहे: 'लिवलंय म्हनून खरं समजू नये. आधी बल्ब लावावा.'