अब्बांचा जोखमीचा आकडा

त्या वर्षी ऑफिसच्या इन्शुरन्समध्ये दोन माणसांसाठी जनुकांची तपासणी फुकट होती. नळीत थुंकी भरून पाठवायची, एवढंच. एक नळी मी माझ्यासाठी भरली. दुसरी अब्बांपुढे धरली आणि शुगर बघायची आहे म्हणून सांगितलं. त्यांनी काही न विचारता नळी भरली, फॉर्मवर सहीही केली. त्यांचा चष्मा त्यांच्या वर्कशॉपमध्येच राहिला होता, आणि ते मला ठाऊक होतं.

दादी, म्हणजे अब्बांची आई, शेवटची काही वर्षं त्यांना ओळखत नव्हती. रत्नागिरीला सुट्टीवर गेले की ती त्यांना ‘तुम्ही कोणाकडे आलात?’ म्हणून विचारायची. अब्बांचंही तसंच होईल का, हे मला आधीच जाणून घ्यायचं होतं. त्यांना सांगितलं असतं तर ते नको म्हणाले असते.

रिपोर्ट ईमेलवर आले. अब्बांच्या रिपोर्टवर अल्झायमर्सच्या पुढे लाल अक्षरांत जोखमीचा आकडा आणि ‘हाय’, म्हणजे जास्त, असं लिहिलं होतं. कंपनीच्या सल्लागार बाई फोनवर पुष्कळ वेळ समजावत होत्या. हे निदान नाही, ही फक्त शक्यता आहे. हा आकडा बहुतेक युरोपातल्या लोकांच्या माहितीवरून बसवलेला आहे, त्यामुळे आपल्या लोकांना तो कितपत लागू पडेल हे खात्रीने सांगता येत नाही. मी हो हो म्हणत होते, पण डोक्यात तो एकच शब्द बसला होता.

अब्बा आमच्याकडेच राहायचे, दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्सच्या दोन खोल्यांत. रोज पहाटे पिकअप काढून शारजाच्या औद्योगिक भागात जायचे. तिथे एका मलबारी भागीदाराबरोबर त्यांचं एसी दुरुस्तीचं वर्कशॉप होतं, तीस वर्षांचं. रिपोर्ट आल्यापासून मी त्यांच्यावर लक्ष ठेवायला लागले. दूध आणा म्हटलं तर ते दही आणायचे. एकच गोष्ट दोनदा विचारायचे. मी पाठीमागून काही सांगितलं तर उत्तरच द्यायचे नाहीत. हे सगळं मी मोबाइलमध्ये तारीखवार लिहून ठेवत होते. एकदा माझी मुलगी जेवताना म्हणाली, “मॉम, नाना जस्ट डिडन्ट हिअर यू.” मोठ्यांच्या बोलण्यात बोलू नकोस, असं म्हणून मी तिला गप्प केलं.

पुढे एकदा पिकअप एका खांबाला घासली. तेवढं कारण मला पुरलं. मी किल्ल्या काढून घेतल्या. भागीदाराला भेटून अब्बांना विसरायला होतंय असं सांगितलं. भला माणूस, त्याचे डोळे भरून आले. वर्कशॉप त्याच्याकडे गेलं, त्यावरचा अब्बांचा व्हिसाही कॅन्सल झाला. आता आराम करा, असं म्हणून आम्ही अब्बांना गावी रत्नागिरीला, माझ्या भावाकडे, भाईकडे पाठवलं. एअरपोर्टवर ते एवढंच म्हणाले, “माझ्या हातून काही चूक झाली का?” मी नाही म्हटलं. रिपोर्टचं तेव्हाही सांगितलं नाही.

पाचेक महिन्यांनी भाईचा फोन आला. टीव्हीचा आवाज घरात कुणाला सोसवेना, म्हणून त्याने अब्बांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. दोन्ही कान बरेच गेले होते. इतकी वर्षं ग्राइंडर आणि कॉम्प्रेसरच्या आवाजात काढलेली. माझ्या सांगण्यावरून भाईने त्यांची स्मरणशक्तीही तपासून घेतली होती. वयाच्या मानाने ती उत्तम निघाली.

मी पहिल्या सुट्टीत गावी गेले. अब्बांच्या दोन्ही कानांत मशीन होतं आणि ते ओट्यावर शेजाऱ्यांचा फ्रिज उघडून बसले होते. मी त्यांच्या शेजारी बसून सगळं सांगितलं. नळी, शुगरचं खोटं, लाल अक्षरं, भागीदाराला जे बोलले ते. ते हातातला पाना न ठेवता ऐकत होते.

“तुझा काय आला?” त्यांनी विचारलं.

“बघितला नाही, अब्बा. भीती वाटली.”

“मग माझा कसा बघितलास?”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी मला टॉर्च धरायला सांगितला आणि पुन्हा फ्रिजमध्ये डोकं घातलं.

वर्कशॉप आता भागीदाराचा जावई चालवतो. अब्बांना या वयात नवा व्हिसा मिळणं कठीण आहे, आणि त्यांनी तो विषयही काढलेला नाही. रिपोर्टमधला आकडा खोटा होता असं मी म्हणत नाही. पुढे काय होईल कुणास ठाऊक. पण त्यात जे लिहिलेलं नव्हतं ते मी वाचलं आणि त्यांचं चालतं आयुष्य बंद केलं. शुक्रवारी दुपारी नमाजनंतर आम्ही व्हिडिओ कॉल करतो. बोलताना एखादं नाव त्यांना चटकन आठवलं नाही, तर मी अजूनही मनात सेकंद मोजायला लागते. तेवढ्यात ते नाव त्यांना आठवतं आणि ते पुढे बोलत राहतात.