कॅमेऱ्यातलं आवतण

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. माधवनगरच्या आमच्या कापड गिरणीतले बहुतेक माग बंद पडले होते, म्हणून मालकांनी फाटकावर कॅमेरा बसवला. नारळ फुटला, फीत कापली गेली, गिरणी एकविसाव्या शतकात शिरल्याचं भाषण झालं. आत चोरण्यासारखं काय उरलंय, हे विचारायची ती वेळ नव्हती.

नवी वायर टाकायला मालक तयार नव्हते. डिशची जुनी केबल फाटकावरून ऑफिसात आणि तिथून आमच्या क्वार्टर्समध्ये गेलेली होती. सांगलीहून आलेल्या मेकॅनिकने कॅमेरा तिलाच जोडला आणि चित्र एका रिकाम्या चॅनलवर सोडलं. क्वार्टर्सकडचे फाटे तोडायचे मात्र तो विसरला. त्यामुळे मालकांच्या केबिनइतकंच स्वच्छ फाटक आमच्या घरोघरी दिसू लागलं.

कॉलनी थोडे दिवस हसली आणि पुन्हा मालिकांकडे वळली. मी फाटकावरच राहिलो. टाइम ऑफिसातून निवृत्त झालो होतो, बायको आदल्या वर्षी गेली होती, आणि मला क्वार्टर सोडायला सांगायचं कोणाला सुचलं नव्हतं. दुपारी ताट घेऊन टीव्हीसमोर बसायचो. पडद्यावर वॉचमन स्टुलावर बसून फडक्यातली भाकरी सोडत असे. माण तालुक्याकडचा माणूस, मुलं मुंबईला, बायको गावी मेंढरांपाशी.

एकदा भाजीला जाताना मी त्याला विचारलं, "काल कांदा नाही फोडलात?"

"आवं, तुमाला कसं ठावं?"

मी सांगितलं. त्याने कॅमेऱ्याकडे बघून मिशा सारख्या केल्या. "लय वंगाळ दिसतोय का?"

"मालकांपेक्षा बरे."

दुसऱ्या दिवसापासून भाकरी सोडली की तो आधी कॅमेऱ्याकडे हात करू लागला: या जेवायला. त्याच्या गावाकडे वाटेने जाणाऱ्यालाही असं बोलावल्याशिवाय कोणी घास उचलत नाही. आवाज येत नसे. मी रिकाम्या खोलीत रीतीप्रमाणे मोठ्याने म्हणायचो, "चालू द्या, मीही बसलोय." कित्येक दिवस माझं तेवढंच बोलणं व्हायचं. ते बंद पडू नये, एवढंच मला वाटत होतं.

पण मालकांच्या मोटारीतून कोण कोण येतं याची चर्चा नळावर होऊ लागली. मेकॅनिकला परत बोलावून आमचे फाटे तोडले गेले. त्या दुपारी पडद्यावर नुसत्या मुंग्या. मी त्यांच्याकडे बघत बसलो, भाजी निवून गेली. मग ताटावर ताट झाकलं आणि ते घेऊन बाहेर पडलो. फाटक हाकेच्या अंतरावर होतं. इतके महिने जेवायला तेवढं चालून जायचं आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं.

तो पाठमोरा बसला होता. भाकरी सोडलेली, हात कॅमेऱ्याकडे.

"आलो," मी मागून म्हणालो.

तो दचकला. त्याने आधी कॅमेऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग ताटाकडे.

"आवं, तुमी हितं? मग आत कोन हाय?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

त्याने उठून स्टूल माझ्याकडे सरकवलं.