पाचव्या सहीची कॉफी

वस्फी जन्मभर देर-अल-बलह गावात पोस्टमन, म्हणून युद्धात चिठ्ठ्या पोचवायचं कामही त्याच्याच गळ्यात पडलं. गावावर हुकूम चालवणाऱ्या संघटनेचा म्होरक्या मारला गेला होता. नवा निवडायला बैठक भरवणार कुठे? मग तेवढ्यापुरती पाच जणांची समिती नेमली. पाचही जण पाच ठिकाणी दडलेले, फोनची भीती, तेव्हा एकेक कागद पाच दारं फिरायचा आणि पाच सह्या पडल्या की मगच काम व्हायचं. आधीच्या म्होरक्याचं नुसतं एक ‘हो’ पुरायचं.

अशात वस्फीच्या धाकट्या बहिणीचा, रस्मियाचा नवरा पकडला गेला. मुईन त्याचं नाव, रोट्या भाजून पोट भरणारा साधा माणूस. पिठाच्या रांगेत संघटनेच्या माणसाशी हुज्जत घातली, एवढाच काय तो गुन्हा, तर त्याला जुन्या गोदामात डांबलं. सुटकेचा कागद घेऊन वस्फी चौघांकडे गेला. चौघांनीही हळहळत सही केली आणि एकट्याच्या हातात काही नाही बाबा, असं वर ऐकवलं.

पाचवा अबू सुहैब. तो एका शिंप्याच्या दुकानामागे बसायचा. त्यानं कॉफी पुढे केली. आता, कुणाकडे काही मागायला गेलं की कॉफी खाली ठेवायची आणि शब्द मिळाल्याशिवाय ओठाला लावायची नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यानं यजमानाची पंचाईत होते, नाही म्हणणं जड जातं. आणि वस्फीनं काय करावं? आठ महिने कॉफी म्हणून भाजलेल्या हरभऱ्याचं काळं पाणी पिऊन काढलेले, नाकात खऱ्या कॉफीचा, वेलदोड्याचा वास शिरला आणि हा शहाणा गटकन पिऊन मोकळा!

अबू सुहैबनं रिकाम्या पेल्याकडे पाहिलं, कागदाची घडी केली आणि खिशात घातली. “वाचतो सावकाश. गुरुवारी ये.”

घरी येऊन वस्फीनं रस्मियाला सगळं सांगितलं, कॉफी अस्सल होती हेसुद्धा.

बुधवारी सकाळी गोदामावर बॉम्ब पडला.

दुखवट्यासाठी उभारलेल्या तंबूत अबू सुहैब स्वतः आला. सही केलेला कागद त्याच्या खिशात होता. रिवाजाप्रमाणे त्याच्या हातात कडू कॉफी दिली, तर त्यानं पेला न पिता जमिनीवर ठेवला आणि मान खाली घालून म्हणाला, “मुईनची बायको मला माफ करेल तेव्हाच घेईन.”

सगळे वस्फीकडे बघू लागले. घरात मोठा तोच, उत्तर त्यानं द्यायचं. पण त्याआधीच पडद्याआडून रस्मियाचा आवाज आला, अगदी शांत.

“घ्या, अबू सुहैब. माझ्या दादानं घेतली होती.”

पाहुण्यानं पेला उचलला की नाही, ते वस्फीनं पाहिलंच नाही. अजूनही तो कुणाकडे गेला की पाणी चालेल म्हणतो.