साहेबाला दिलेला जिताडा

मावशींच्या पाटीत मासळी असली म्हणजे ती आपल्याला मिळेलच, असं नव्हतं. पेणच्या बाजारात त्या आधी गिऱ्हाईक पारखायच्या, मग मासा दाखवायच्या. एकदा एक बाई जिताड्याचे कल्ले उचकटून बघत राहिली. मावशी म्हणाल्या, "मासा घेतंस का सून बघतंस गो?" आणि मासा उचलून शेजारणीच्या पाटीत टाकला.

माझी त्यांची ओळख मात्र कासू स्टेशनवरची. मी रोह्याच्या शाळेत शिकवायला जायचो. मंगळवारी आणि शुक्रवारी त्या नवऱ्याला डायलिसिससाठी रोह्याला न्यायच्या. खाडीकाठच्या गावाहून दोघं पहाटेच्या बसने यायची आणि आमची पॅसेंजर पकडायची. काका मिठागरात राबून वाळलेले, अबोल. मावशी दोघांच्या वाट्याचं बोलायच्या. "ह्यांनी जन्मभर मीठ काढलं, आता डाक्तर म्हनतो मीठ खाऊ नका," असं म्हणून स्वतःच हसायच्या.

गेल्या वर्षी युद्ध सुरू झालं. ते आमच्यापासून लांब होतं. पण मालगाड्यांना वाट हवी म्हणून पॅसेंजरची वेळ वीस मिनिटं अलीकडे आणली. बस मात्र जुन्याच वेळेला सुटायची. ती कासूला पोचायची तेव्हा गाडीचा शेवटचा डबा लांब जाताना दिसायचा. पुढची गाडी दुपारी. तोवर रोह्यातली पाळी दुसऱ्याला गेलेली. इंधनाच्या टंचाईत रिक्षाही मिळेना.

बस वीस मिनिटं आधी सोडा, एवढंच मागणं होतं. अर्ज मी लिहिला. 'प्रवाशांची गैरसोय होत आहे.' मावशींनी तो मला वाचून दाखवायला लावला.

"गैरसोय म्हंजे काय, मास्तर?"

"त्रास."

"मग मानूस मरंल, असं लिव की."

अर्जात असं लिहीत नाहीत, हे मी त्यांना समजावून सांगितलं. मीच.

आमच्याकडे साहेबाकडून काम हवं असेल तर जिताडा न्यायचा, ही जुनी रीत. घरामागच्या तळ्यातला सगळ्यात मोठा जिताडा घेऊन मावशी रामवाडीला, बसच्या वेळा लावणाऱ्या साहेबांच्या घरी गेल्या. साहेबांनी तो ठेवून घेतला. म्हणाले, "युद्ध चालू आहे, मावशी. थोडं सोसायला हवं."

"सोसतो कोन, साहेब? तुमी?"

त्यावर दार लागलं.

डायलिसिसच्या चार पाळ्या हुकल्या. पाचव्या खेपेला बसची वाट न बघता दोघं बांधावरून चालत निघाली. काका अर्ध्या वाटेत बसले, ते उठलेच नाहीत.

तेरावं झाल्यावर मावशी पुन्हा बाजारात बसल्या. एका रविवारी साहेब त्यांच्या पाटीसमोर उभे राहिले. मावशींनी जिताड्यावर ओलं गोणपाट ओढलं.

"गाडी गेली, साहेब."

"अहो, हा काय समोर दिसतोय!"

"वीस मिन्टं आदी यायचं."

शेजारणीने आपली पाटी झाकली. मग तिच्या शेजारणीने. बघता बघता अख्खी ओळ झाकली गेली. मी पिशवी घेऊन मागेच उभा होतो. मला झालेला आनंद सांगायला लाज वाटत नाही. पुढे साहेबांनी शिपायाला पाठवलं, बायकोला पाठवलं. मावशी त्यांच्या घरची पिशवीसुद्धा ओळखायच्या.

बऱ्याच महिन्यांनी मी म्हणालो, "आता सोडा, मावशी."

"माफी देव देतो, मास्तर. मी मासळी इकतंय."

दोन महिन्यांपूर्वी मावशी गेल्या. युद्ध थांबलं आहे, पॅसेंजर जुन्या वेळेवर आली आहे, बस तिला बरोबर गाठते. सगळं सुरळीत झालं, आणि तेच मला सहन होत नाही. साहेबांना बाजारात मासळी मिळू लागली आहे.

परवा रामवाडीच्या नाक्यावर त्यांनी मला हात जोडले. "ओळखलंत ना, गुरुजी?"

भांडण मला जन्मात जमलं नाही. मी चष्मा काढला, सावकाश पुसला, पुन्हा घातला. त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणालो, "नाही."